दुसरी भाषा कोणती घेतली?

उच्च शिक्षणाचा इतिहास आपल्याकडे बहुधा संस्थांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. विद्यापीठ केव्हा स्थापन झाले, पहिले कुलगुरू कोण, कोनशिला कोणाच्या हस्ते बसली, सुवर्णमहोत्सवाला कोण आले, हे सारे स्मरणिकांतून वाचायला मिळते. प्रवेशाचा अर्ज भरताना विद्यार्थ्याने कोणता विषय लिहिला आणि का लिहिला, याचा इतिहास मात्र सलग कुठे सापडत नाही. तो आत्मचरित्रांच्या पहिल्या शंभर पानांत आणि विद्यापीठांच्या नियमपुस्तिकांत विखुरलेला असतो. खरे तर साहित्याच्या अभ्यासकाने या प्रश्नाकडे दुर्लक्ष करायला नको होते, कारण गेली दीडशे वर्षे या निवडीचा गाभा भाषाच राहिलेला आहे. ‘दुसरी भाषा कोणती घेतली?’ या साध्या प्रश्नाच्या उत्तरावर कोणाला कोणते दार उघडणार हे ठरत असे.

या प्रश्नाकडे पाहण्यासाठी मी मुद्दाम एक लहान गाव निवडतो. फुलंब्री हे छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेहून, अजिंठ्याच्या रस्त्याने तीसेक किलोमीटरवर लागणारे तालुक्याचे ठिकाण. येथील कोणा विशिष्ट विद्यार्थ्याची ही कहाणी नाही. पुण्या-मुंबईतून पाहिले तर विषयाची निवड ही आवडीची बाब वाटते. फुलंब्रीसारख्या ठिकाणाहून पाहिले तर तिच्यातले राजकारण, अंतर आणि पैसा लपत नाही, एवढ्यासाठीच हे गाव.

आरंभ मात्र मुंबईपासून करावा लागतो. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. रानडे आणि भांडारकर त्यांतलेच. आरंभीच्या नियमांत देशी भाषांना थोडी जागा होती, परंतु १८६० च्या दशकातच मॅट्रिकच्या पुढल्या परीक्षांतून मराठी, गुजराती, कानडी या भाषा काढून टाकण्यात आल्या. कारण असे देण्यात आले की पदवीच्या पातळीवर अभ्यासावे असे प्रगल्भ वाङ्मय या भाषांत नाही. इंग्रजीच्या जोडीला ‘अभिजात’ भाषा हवी, म्हणजे संस्कृत, फारसी, लॅटिन अशांपैकी एक. या निर्णयाचा परिणाम आपण पुरेसा लक्षात घेत नाही. चिपळूणकर, आगरकर आणि टिळक या तिघांनी मराठी गद्याला जे वळण दिले ते सर्वश्रुत आहे, पण तिघांच्याही पदव्यांत मराठी हा विषय नव्हता. टिळक गणित घेऊन १८७७ साली बी.ए. झाले आणि १८७९ साली एलएल.बी. मराठी ही त्यांनी विद्यापीठाबाहेर, स्वतःच्या जबाबदारीवर केलेली गोष्ट होती. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठीला विद्यापीठात परत आणण्यासाठी दीर्घकाळ पाठपुरावा केला आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर एम.ए.च्या परीक्षेत तिला जागा मिळाली. रानडे जानेवारी १९०१ मध्ये वारले. आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातले त्यांचे हे काम त्यांच्या अर्थविचाराइतके चर्चेत येत नाही.

तेव्हा उरत होती ती संस्कृत किंवा फारसी. संस्कृत घेणाऱ्यापुढे जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे आकर्षण असे, आणि ती मिळवणे हा घराण्याच्या अभिमानाचा विषय होता. चिंतामणराव देशमुखांच्या चरित्रात १९१२ च्या मॅट्रिकमधील पहिल्या क्रमांकाबरोबर या शिष्यवृत्तीचा उल्लेख हमखास येतो. फारसी घेणारे थोडे. पुढच्या काळात संस्कृतऐवजी अर्धमागधी घेतली की गुण बरे पडतात, असा सल्ला मुंबई-पुण्याच्या शाळांतून फिरू लागला. म्हणजे ‘कमी गर्दीचा विषय’ शोधण्याची विद्या आजच्या शिकवणीवर्गांनी शोधून काढलेली नाही. ती विद्यापीठाइतकीच जुनी आहे.

परंतु निवड म्हणायची कशाला, असा प्रश्न डॉ. आंबेडकरांचे उदाहरण समोर आले की पडतो. त्यांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयातून इंग्रजी व फारसी हे विषय घेऊन बी.ए. झाले. अर्जातल्या रकान्यात ‘फारसी’ हा शब्द होता हे खरे, पण तो त्यांनी लिहिला की त्यांच्याकडून लिहवून घेण्यात आला? आपल्या शैक्षणिक दप्तरात हा फरक दिसत नाही. याच सुमारास माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांनीही फारसीच घेतली. त्यांच्यापुढे संस्कृतचे दार बंद नव्हते. फारसीची ओढ त्यांची स्वतःची होती. ते फर्ग्युसन महाविद्यालयात फारसीचे अध्यापक झाले, त्यांनी ‘फारसी-मराठी कोश’ सिद्ध केला, गझल आणि रुबाई यांचे वळण मराठी कवितेला दिले, आणि पुढे ‘छंदोरचना’ या ग्रंथासाठी १९३८ साली मुंबई विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली. एकच विषय, एकच विद्यापीठ, जवळपास तीच वर्षे. एकाला तो विषय लादून मिळाला, दुसऱ्याने हौसेने घेतला. निकालपत्रावरून हा भेद कोणाला कळणार नाही.

आंबेडकरांनी पुढे जे केले ते पाहताना मात्र ‘हिशेब’ हा शब्द आदराने वापरावासा वाटतो. १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीची मुदत तीन वर्षांची, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. त्यांनी अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेतला, पण त्याच्या भोवती इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असे अनेक अभ्यासक्रम जोडले. १९१५ मध्ये एम.ए. झाले. मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. मुख्य विषय अर्थशास्त्र असलेल्या विद्यार्थ्याचा हा निबंध आज जगभर त्यांच्या अर्थशास्त्रीय प्रबंधांपेक्षा अधिक वाचला जातो. लंडनला गेल्यावर त्यांनी एकाच वेळी दोन दारे ठोठावली, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन. शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ मध्ये परतावे लागले. सिडनेहॅम महाविद्यालयात अध्यापन करून, पैसे साठवून, १९२० साली ते पुन्हा गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी., आणि त्याच काळात बॅरिस्टरी.

अर्थशास्त्राच्या इतक्या पदव्या असताना बॅरिस्टरी कशाला? माझ्या समजुतीप्रमाणे याचे उत्तर बडोद्याच्या १९१७ च्या अनुभवात आहे. परदेशी पदवी घेऊन आलेल्या या अधिकाऱ्याला त्या शहरात राहायला जागा मिळू शकली नाही. नोकरी मिळवून देणारी पदवी नोकरीच्या जागी माणसाचे रक्षण करत नाही, हे त्यांना तेथे कळले असणार. वकिलीत पक्षकार लागतो, पण वरिष्ठ लागत नाही. अर्थशास्त्र हे ज्ञानासाठी व धोरणासाठी, कायदा हा स्वातंत्र्यासाठी, अशी ही विभागणी दिसते. पदव्यांची ही मांडणी महत्त्वाकांक्षेची यादी म्हणून वाचणारे चरित्रकार तिच्यातले संरक्षण पाहत नाहीत.

आता फुलंब्रीकडे वळू. कारण वर सांगितलेले सारे मुंबई इलाख्यातले. फुलंब्री निजामाच्या राज्यात होती आणि तेथे नियम निराळे होते.

हैदराबाद संस्थानात १८८० च्या दशकात राज्यकारभाराची भाषा म्हणून फारसीची जागा उर्दूने घेतली. संस्थानातील सुमारे पाव लोकसंख्या मराठी बोलणारी, जवळपास निम्मी तेलुगू, शिवाय कानडी. उर्दू ही मातृभाषा असलेले त्या मानाने थोडे. कचेरी, न्यायालय, वरिष्ठ शाळा, सर्वत्र मात्र उर्दू. हैदराबादेतील निजाम कॉलेज मद्रास विद्यापीठाशी जोडलेले आणि इंग्रजी माध्यमाचे, पण तेथे पोहोचणारे मोजके आणि बहुधा संपन्न घरांतले. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याने एक अपूर्व गोष्ट केली. देशी भाषेतून पदवीपर्यंतचे सर्व शिक्षण देणारे ते भारतातले पहिले आधुनिक विद्यापीठ ठरले. भाषांतरासाठी स्वतंत्र विभाग उघडून इतिहास, रसायन, तत्त्वज्ञान, कायदा यांची पुस्तके उर्दूत आणली गेली. पुढे वैद्यकही उर्दूतून शिकवले गेले. इंग्रजी सक्तीची भाषा म्हणून होती. मुसलमान विद्यार्थ्यांना धर्मशिक्षण आणि इतरांना नीतिशास्त्र हा विषय असे. मराठी, तेलुगू, कानडी यांचे विभाग होते, पण भाषाविषय म्हणून.

उस्मानियाविषयी मराठवाड्यात जे लिहिले गेले त्यात कटुता पुष्कळ आहे, आणि तिला कारणे आहेत. तरीही साहित्याच्या अभ्यासकाने एक गोष्ट मान्य करायला हवी: देशी भाषेत उच्च ज्ञान आणता येते, रसायनशास्त्राची परिभाषा घडवता येते, हे या विद्यापीठाने करून दाखवले. मराठीत ज्ञानभाषेविषयीची भाषणे चालू असताना तेथे प्रत्यक्ष वर्ग चालू होते. प्रश्न देशी भाषेचा नव्हता. कोणाची देशी भाषा, हा होता. फुलंब्रीच्या मुलाला उर्दू ही इंग्रजीइतकीच शिकून घ्यावी लागणारी भाषा होती.

या कथेत औरंगाबादचे स्थान मोठे रंजक आहे. ज्यांना पुढे ‘बाबा-ए-उर्दू’ म्हटले गेले ते मौलवी अब्दुल हक या शहरात अनेक वर्षे राहिले. उर्दूच्या विकासासाठी झटणारी ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’ ही अखिल भारतीय संस्था त्यांनी येथून चालवली, ‘उर्दू’ हे त्रैमासिक येथूनच काढले आणि १९२३ साली सुरू झालेल्या येथील इंटरमिजिएट कॉलेजचे ते प्राचार्यही होते. मराठी भाषेवरील फारसीच्या प्रभावावर त्यांनी उर्दूत पुस्तक लिहिले. म्हणजे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत उर्दू वाङ्मयाचे एक केंद्र फुलंब्रीपासून तीस किलोमीटरवर होते, आणि मराठी वाङ्मयाची केंद्रे दुसऱ्या राज्यात. मराठी समीक्षेने या शेजाराची दखल जवळपास घेतलीच नाही. त्या काळी औरंगाबादला मराठीचा आसरा म्हणजे १९१५ पासूनची सरस्वती भुवनसारखी खाजगी शाळा.

इंटरपर्यंत औरंगाबाद; पुढे काय? १९०० च्या सुमारास मनमाड ते हैदराबाद हा मीटरगेज लोहमार्ग औरंगाबादवरून सुरू झाला होता. औरंगाबादच्या स्थानकावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला पदवीची निवड म्हणजे अक्षरशः गाडीची दिशा निवडायची होती. दक्षिणेची गाडी हैदराबादला, उस्मानियाला: उर्दू माध्यम, परिचित परीक्षा आणि संस्थानी नोकरीची वाट, जिथे ‘मुलकी’ म्हणजे संस्थानच्या रहिवाशाला प्राधान्य होते. उलट दिशेची गाडी मनमाडला, तेथून मुंबई, पुणे किंवा नागपूर: इंग्रजी माध्यम, परक्या राज्यात राहण्याचा खर्च, आणि परत आल्यावर संस्थानात या पदवीचे काय होईल याची अनिश्चिती. घरात जमीन किती, मामा कुठे राहतो, जेवणाची सोय होते का, यावर दिशा ठरे. यात साहित्याची आवड कुठे बसते? कुठेच नाही. आणि हा सारा विचार मुलग्यांचाच; मुलीचा अर्ज भरण्याचा प्रसंगच फार थोड्या घरांत येत असे.

तिसरा मार्ग शोधणारेही होते. सेतुमाधवराव पगडी हे निलंग्याचे, जन्म १९१०. त्यांनी उत्तर हिंदुस्थानात, बनारस व अलाहाबादला, शिक्षण घेतले आणि नंतर हैदराबादच्या मुलकी सेवेत प्रवेश केला. पदवी बाहेरची, नोकरी संस्थानची. कारभाराच्या गरजेपोटी उर्दू-फारसी त्यांच्या हाताखाली राहिली; आदिलाबादच्या नोकरीत गोंडी आली, तिचे व्याकरणही त्यांनी लिहिले. पुढे मराठ्यांच्या इतिहासाची फारसी साधने मराठी वाचकाला त्यांच्या लेखणीतून मिळाली. पुण्याच्या इतिहासपरंपरेत मोडीचे जाणकार पुष्कळ होते, फारसीचे थोडे. ही उणीव हैदराबादी शिक्षणव्यवस्थेतून गेलेल्या माणसाने भरून काढली, हे लक्षात घेतले म्हणजे ‘लादलेली भाषा’ या शब्दप्रयोगाचा पुनर्विचार करावासा वाटतो. लादणे अन्यायाचे होतेच. पण लादलेल्या भाषेचे माणूस काय करतो हे नियम करणाऱ्याच्या हातात राहत नाही.

नोव्हेंबर १९३८ मध्ये या सगळ्या हिशेबाला हादरा बसला. वसतिगृहांतल्या प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास बंदी झाली आणि विद्यार्थ्यांनी ती मोडली. चळवळीचे एक उगमस्थान औरंगाबादचे इंटरमिजिएट कॉलेजच होते. तेथून ती उस्मानियाच्या वसतिगृहांत व इतरत्र पसरली. शेकडो विद्यार्थी काढून टाकण्यात आले. पदवीच्या मध्यावर विद्यापीठ गेले, आणि उर्दूतून शिकलेले शास्त्र आता दुसरीकडे इंग्रजीतून पुढे चालवायचे. अशा वेळी नागपूर विद्यापीठाने, कुलगुरू केदार यांच्या पुढाकाराने, या विद्यार्थ्यांना प्रवेश दिला. नागपूरच्या इतिहासातली ही गोष्ट अधिक ठळकपणे सांगितली जायला हवी. विद्यापीठे एकमेकांच्या पदव्या मान्य करण्यात किती काचकूच करतात हे ज्यांनी पात्रता प्रमाणपत्रासाठी खेटे घातले आहेत त्यांना ठाऊक आहे. बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांत तेलंगणातले पी. व्ही. नरसिंह राव होते. त्यांनी पुढे नागपुरातून कायद्याची पदवी घेतली, आणि या मराठी मुलखातल्या शिक्षणाचे एक अनपेक्षित फळ असे की हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यांनी तेलुगूत नेली. कोणत्याही विद्यापीठाच्या पसंतीक्रमात हे बसले नसते.

दहाच वर्षांनी, सप्टेंबर १९४८ मध्ये, संस्थान भारतात विलीन झाले. उस्मानियाने उर्दू माध्यम सोडले आणि इंग्रजी स्वीकारले. ज्यांनी अत्यंत शहाणपणाने, घरच्यांच्या सल्ल्याने, उर्दू पक्की करून घेतली होती त्यांची पुंजी चार-दोन वर्षांत चलनाबाहेर गेली. मला या प्रसंगाचे महत्त्व फार वाटते. पदवीचा हिशेब चालू नियमांवर केला जातो आणि माणूस त्या पदवीवर तीस-पस्तीस वर्षे काढणार असतो. राज्याची भाषा बदलली, राज्य बदलले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. एका माणसाच्या नोकरीच्या काळात इतके झाले. उर्दूत कायदा शिकलेले वकील मराठी-इंग्रजी न्यायालयांत उभे राहिले. त्यांनी निवड चुकीची केली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्या पायाखालची जमीन सरकली होती.

याच संधिकालात १९५० साली औरंगाबादला डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. मुंबईत सोसायटीने १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले होते. औरंगाबादची अडचण वेगळी होती: येथे पदवीसाठी गाव सोडून हैदराबाद गाठावे लागे. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. (संस्थांच्या इतिहासाला मी आरंभी नावे ठेवली, पण कोनशिलेवाचून याही लेखाचे भागले नाही.) फुलंब्रीच्या विद्यार्थ्यासाठी याचा अर्थ एवढाच की पदवी तीस किलोमीटरवर आली. आरंभी महाविद्यालय उस्मानियाशीच संलग्न होते. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाल्यावर ते इकडे आले. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची केंद्रीय योजना १९४४ पासून होती, तिचा उपयोग व्हायला आता जवळ महाविद्यालय होते.

ज्याला शाळेत संस्कृत नाकारले गेले त्या माणसाने काढलेल्या महाविद्यालयाचे नाव ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातून यावे, यात केवळ बौद्ध जिव्हाळा नाही. दुसरी भाषा कोणती, या जुन्या प्रश्नाला दिलेले ते उत्तरही आहे. आणि मराठीचे काय? प्राचार्य म. भि. चिटणीसांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. मराठीचे प्राध्यापक गंगाधर पानतावणे यांनी येथे असतानाच १९६७ मध्ये ‘अस्मिता’ सुरू केले, ते पुढे ‘अस्मितादर्श’ झाले. दलित साहित्याच्या चळवळीचे एक प्रमुख व्यासपीठ एका मराठी विभागाच्या आसपास उभे राहिले. ज्या विषयाला मुंबई विद्यापीठाने ‘वाङ्मय नाही’ म्हणून बाहेर काढले होते, ज्याला उस्मानियात भाषाविषयापुरती जागा होती, त्या विषयाच्या वर्गात आता पहिल्या पिढीचे पदवीधर बसले होते. त्यांतले अनेक जण हा विषय शिकवण्याच्या नोकरीसाठी घेत होते, हेही खरे आहे. गावोगाव शाळा-महाविद्यालये निघत होती, मराठीचे शिक्षक हवे होते. नोकरीसाठी मराठी घेतलेल्या माणसाने मराठी साहित्याची व्याख्या बदलली तर त्याच्या हेतूची चौकशी कोणी करावी? आपल्याकडे ‘साहित्याची खरी आवड असणारा’ विद्यार्थी आणि ‘सोपे म्हणून आलेला’ विद्यार्थी अशी वर्गवारी स्टाफरूममध्ये सर्रास होते. ती करणाऱ्यांनी आपापल्या प्रवेशाची कागदपत्रे एकदा काढून पाहावीत.

या हिशेबाला साफ नकार देणारेही याच रस्त्यावर सापडतात. फुलंब्रीवरून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता पुढे पळसखेड्याच्या बाजूला जातो. तेथल्या ना. धों. महानोरांनी जळगावच्या महाविद्यालयात एक वर्ष काढले आणि शिक्षण सोडून ते शेतीकडे परतले. ‘रानातल्या कविता’ १९६७ सालची. त्याआधी चार वर्षे ‘कोसला’ आली होती, जिचा नायक खेड्यातून पुण्याला शिकायला जातो आणि पदवीवाचून परत येतो. मराठी वाचकाला पदवी सोडणारा नायक फार प्रिय आहे. परंतु त्यासाठी परतायला शेत लागते. ज्यांच्याकडे ते नव्हते त्यांना पांडुरंग सांगवीकर होणे परवडणारे नव्हते, आणि त्यांची कादंबरी दुसऱ्या भाषेत लिहिली गेली.

पुढचे थोडक्यात. १९८३ नंतर विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली आणि हुशार मुलाने विज्ञान घ्यायचे हा नियमच झाला. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात मराठवाड्यात डी.एड.ची लाट आली. बारावी झाली की डी.एड., दोन वर्षांत जिल्हा परिषदेची शाळा, असा तो हिशेब होता आणि काही काळ तो अचूक ठरला. २०१० नंतर शिक्षकभरती थंडावली, २०१३ पासून पात्रता परीक्षा आली, आणि एकेकाळी ज्यांच्या दारात रांगा लागत ती अध्यापक विद्यालये एकामागून एक बंद पडली. १९४८ च्या उर्दू पदवीधरांची गोष्ट पुन्हा घडली, फक्त या वेळी कोणतेही संस्थान बुडाले नाही, म्हणून तिची नोंद इतिहासात होणार नाही.

आता दिल्लीसारख्या ठिकाणी चढाओढ इतकी वाढली की २०११ मध्ये एका महाविद्यालयाची प्रवेशमर्यादा काही विद्यार्थ्यांसाठी थेट शंभर टक्क्यांवर गेली. तेथे नामांकित महाविद्यालयात शिरण्यासाठी संस्कृत किंवा अन्य भाषा घ्यावी, तिथली मर्यादा खाली असते, असा सल्ला देण्यात येऊ लागला. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांना सामायिक परीक्षा आली तरी पसंतीक्रमाचे हे शास्त्र थांबले नाही. उलट त्याला कोष्टके मिळाली. शंकरशेट शिष्यवृत्तीच्या काळात संस्कृत ही पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याची भाषा होती. आज तीच भाषा मागल्या दाराने आत शिरण्याची सोय झाली आहे. आत शिरल्यावर एखाद्याला कालिदास भेटतो, एखादा पहिल्याच वर्षी विषय बदलण्याचा अर्ज करतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पाली आणि प्राकृत यांनाही त्याच दिवशी. १८६० च्या दशकात ज्या शब्दाच्या आधारे मराठी पदवीबाहेर ठेवली गेली तो शब्द तिला मिळाला. त्याच शैक्षणिक वर्षापासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत मुख्य विषय आणि दुय्यम विषय अशी नवी रचना पदवीला लागू झाली. फुलंब्रीच्या मुलीच्या हातात आता जो अर्ज असतो त्यात मुख्य विषयाचा एक रकाना आहे आणि दुय्यमाचा दुसरा. मराठी दोन्ही ठिकाणी लिहिता येते. पहिल्यात लिहिली तर पुढे एम.ए. आणि पात्रता परीक्षा, दुसऱ्यात लिहिली तर स्पर्धा परीक्षेच्या तयारीला जोड. जूनमध्ये खिडकीपाशी उभ्या असलेल्या या मुलीला ‘कुठल्या रकान्यात लिहू?’ एवढेच विचारायचे असते, आणि मागे रांग असते.